स्टिरिओ माइक म्हातारा होत नाही, प्लग होतो

काकांचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला पण त्याच्यासोबतचा स्टिरिओ माइक मात्र आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी, माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेला तसाच राहिला. आईच्या भजनी मंडळाला रेकॉर्डिंग करायचं होतं, मोबाइलवर केलं की पेटीच्या खाली सगळ्यांचे आवाज दबतात, म्हणून म्हटलं हा चालवून बघू. वायरच्या टोकाला होता तो जुना पाच पिनांचा गोल डिन प्लग, आणि आजच्या ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) असतात एक्सएलआर या तीन पिनांच्या माइक-प्लगची तीन-तीन भोकं. म्हणजे खिळा आहे पण भिंतच बदललीय. (तसाच दिसणारा पाच पिनांचा प्लग कीबोर्डवाल्या पोरांकडे मिडीसाठी, म्हणजे कुठला सूर दाबला हे दुसऱ्या यंत्राला कळवण्यासाठी, असतो, पण दिसणं सारखं म्हणून माइक त्यात खुपसायचा नाही, तिथून आवाज जातच नाही, नुसता डेटा जातो.)

जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तयार अडॅप्टर विचारून आलो. ज्याने-त्याने "नवीन माइक घ्या ना भैया" एवढंच सांगितलं. पण माझ्यासारख्या डायनॅमिक जातीच्या माइकमध्ये बिघडण्यासारखं आहेच काय हो? एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, आणि भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते आणि तिच्यात वीज तयार होते, १८३१ साली फॅरेडेने दाखवलं तेच. ना बॅटरी लागते, ना आतमध्ये कुठला सर्किट बोर्ड. पडदा-कॉइल-चुंबकाच्या या संचाला कॅप्सूल म्हणतात, आणि स्टिरिओ माइकमध्ये अशा दोन कॅप्सूल एकाच नळीत एकमेकींशी कोन करून बसवलेल्या असतात, म्हणजे डावीकडचा तबला एका कॅप्सूलला जास्त जोरात ऐकू येतो आणि उजवीकडची पेटी दुसरीला, आणि नंतर ऐकताना या कमीजास्त जोरावरूनच आपला मेंदू कोण कुठे बसलंय ते ठरवतो. एकाच जागी कोनात ठेवलेल्या दोन माइकची ही युक्ती अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१च्या पेटंट अर्जात मांडली होती.

प्लग उघडला तर आतून चार वायर आणि दोन जाळ्या निघाल्या. लाल-पांढऱ्या वायरची एक जोडी आणि तिच्यावर तांब्याची जाळी, तशीच दुसरी जोडी. म्हणजे प्रत्येक कॉइलची दोन्ही टोकं प्लगपर्यंत स्वतंत्र आलेली होती! पण प्लगात दोन्ही लाल वायर १ आणि ४ नंबरच्या पिनांवर, आणि दोन्ही पांढऱ्या सरळ जाळ्यांसोबत मधल्या २ नंबरवर एकत्र डकवून टाकलेल्या. (या प्लगात पिनांचे नंबर १-४-२-५-३ असे उड्या मारत जातात, ओळीने मोजलंत तर फसलात.) सगळ्या कंपन्या असंच जोडायच्या असं समजू नका, मल्टिमीटर लावून बघाच. माझ्या माइकला लाल-पांढऱ्यामध्ये दोनशे ओहमच्या आसपास दाखवलं, आणि मीटरची टोकं टेकवल्याबरोबर माइकमधूनच टिक्क असा बारीकसा आवाज आला, कारण मीटरच्या इवल्याशा करंटनेही पडदा हलतो. तो टिक्क ऐकू आला म्हणजे कॉइल शाबूत. रिबन जातीच्या माइकवर मात्र हा प्रयोग करू नका, त्यात पडद्याऐवजी धातूची पातळ पट्टी असते आणि ती फार नाजूक असते.

मग डिन प्लग काढून प्रत्येक जोडीला स्वतंत्र एक्सएलआर प्लग लावायचं ठरवलं, आणि खरी गंमत इथेच आहे. असा माइक समोर बसून गाणाऱ्याच्या आवाजाचे जेमतेम दोनेक मिलीव्होल्ट देतो, आणि घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा घूंऽऽ केबलमध्ये फुकट शिरत असतो. जुन्या पद्धतीत कॉइलचं एक टोक जाळीलाच जोडलेलं, त्यामुळे जाळीत शिरलेली घरघर आवाजात मिसळली की मिसळली. एक्सएलआरमध्ये पिन १ला जाळी, २ आणि ३ला कॉइलची दोन टोकं. घरघर दोन्ही वायरींत सारखीच शिरते, समजा ५ आणि ५, पण कॉइलचा सिग्नल एकीवर +१ असेल तर दुसरीवर -१. इंटरफेस दोघांची वजाबाकी करतो, ६ वजा ४, उरले २. घरघर कटाप, आवाज पूर्ण. यालाच बॅलन्स्ड म्हणतात आणि माझ्या माइकची केबल पहिल्या दिवसापासून यासाठी तयार होती, फक्त प्लगने तिचे पाय बांधून ठेवलेले होते.

पांढऱ्या वायर जाळीपासून सोडवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण असतं, केबलमधूनच वीज पुरवावी लागणाऱ्या कंडेन्सर जातीच्या माइकसाठी. ते व्होल्टेज पिन २ आणि ३ दोघींवर ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सारखंच येतं, म्हणून दोन्ही टोकं नीट जोडलेल्या कॉइलमधून करंट वाहत नाही. पण आळस करून जुन्यासारखीच पांढरी वायर जाळीला जोडलीत आणि कोणी ते बटण दाबलं, तर कॉइलमधून साधारण ७ मिलीअँपिअर जातात, म्हणजे तिच्यावर १.४ व्होल्टच्या जवळपास, गाण्याच्या दोन मिलीव्होल्टच्या सातशेपट! पडदा एका बाजूला ढकलून धरला जाणार, पन्नास वर्षं जुना पडदा किती सहन करेल त्याचा भरवसा नाही.

सोल्डरिंगबद्दल फार सांगत नाही. जुनं तांबं काळं पडलेलं होतं, सोल्डर धरेचना, ब्लेडने हलक्या हाताने खरवडून राळेचा फ्लक्स लावल्यावर पटकन धरलं. आणि हो, एक्सएलआरचं मागचं टोपण आधी केबलमध्ये ओवून घ्यायचं असतं, मी पहिल्याच प्लगला विसरलो आणि सगळं उकलून परत केलं.

गुरुवारी भजन रेकॉर्ड केलं. हेडफोनवर आवाज जरा विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत होता, पण मला वाटलं स्टिरिओ आहे, असेल असंच. आईने तिच्या एका स्पीकरच्या मोबाइलवर लावलं तर तबला आहे, पेटी आहे, आणि मधोमध बसून गाणाऱ्या मावशी गायब. "अरे, पुसल्यास का त्यांना?"

झालं असं होतं की एका कॅप्सूलच्या आत लाल-पांढरी उलटी लावलेली होती आणि मी नुसत्या रंगावर विसंबलो. मग एकीचा पडदा आत गेला की सिग्नल वर, दुसरीचा आत गेला की खाली. मधल्या माणसाचा आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, मोबाइलने दोन्ही चॅनेलची बेरीज केली, +१ आणि -१, हाती शून्य. बाजूचे लोक एकीकडे जास्त येतात म्हणून ते थोडे तरी उरले. तपासायला सोपं आहे, माइकच्या अगदी समोर "प, प, प" म्हणा आणि कॉम्प्युटरवर दोन्ही चॅनेलच्या लहरी मोठ्या करून बघा, पहिला उंचवटा दोघांचा एकाच दिशेला हवा. माझा एक वर एक खाली. एका प्लगात २ आणि ३वरच्या वायर अदलाबदल केल्या आणि मावशी परत आल्या.

मग तबलेवाल्या काकांनी हेडफोन घातला आणि म्हणाले, मी तर डावीकडे बसलो होतो, उजवीकडून कसा वाजतोय? त्याला मात्र सोल्डरिंग लागलं नाही, इंटरफेसवरचे दोन प्लग काढून एकमेकांच्या जागी लावले आणि उजव्यावर लाल टेप चिकटवली.