आधी मोजले ते घरच्यांनी

दरवर्षी १४ फेब्रुवारीला कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागातून एक मोर्चा निघतो. पुढे आदिवासी समाजातल्या वयस्कर बाया, हातात ढोल. जिथे एखादी बाई शेवटची दिसली किंवा मेलेली सापडली, ते हॉटेलचे दार असो, बारची पायरी असो की मागची गल्ली, तिथे मोर्चा थांबतो, गुलाब ठेवला जातो आणि मग पुढे सरकतो. १९९२ च्या जानेवारीत पॉवेल स्ट्रीटवर कोस्ट सेलिश समाजातल्या एका तरुणीचा खून झाला. त्या संतापातून पहिला मोर्चा निघाला, तो आजपर्यंत थांबलेला नाही. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, शहराबाहेरच्या एका डुक्करफार्मवर पोलिसांनी छापा घातला आणि याच वस्तीतल्या अनेक बायांचे अवशेष तिथल्या मातीत मिळाले. बाया नाहीशा होताहेत, हे वस्तीतले लोक तोवर कितीतरी वर्षे सांगत होते.

आदिवासी बाया बेपत्ता होण्याचा, मारल्या जाण्याचा हा प्रश्न इतका जुना असूनही त्याचा आकडा मात्र फार उशिरा आला. तो कुणी जमवला, हे सरकारी अहवालांच्या गर्दीत विसरले जाते.

मुळाशी जायचे तर १८७६ च्या ‘इंडियन ॲक्ट’पासून सुरुवात करावी लागते. (यातले ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे. कोलंबसाची ती चूक कॅनडाच्या कायद्याच्या नावात अजून शाबूत आहे.) या कायद्याने आदिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले की तिची कायदेशीर ओळखच जायची आणि तिच्याबरोबर राखीव जमिनीवरचा हक्कही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र त्याचे काही जात नसे, उलट बायकोलाच दर्जा मिळे. १९७९ मध्ये टोबिक वस्तीतल्या बाया मुलाबाळांसह या अन्यायाविरुद्ध राजधानी ओटावापर्यंत चालत गेल्या. त्यांच्यातल्या सँड्रा लव्हलेस यांची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेली, १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी ठरवले आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. तोवर बायांच्या कैक पिढ्या घरातून, नात्यातून उखडून शहरांकडे ढकलल्या गेल्या होत्या. त्यात आदिवासी मुलांना आपली भाषा-संस्कृती विसरायला लावण्यासाठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांनी मुले आईबापांपासून तोडली. एकटी, गरीब, पाठीशी कुणी नसलेली बाई ही या धोरणांची पैदास होती. मारणाऱ्याला एवढेच पुरेसे होते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला हायवे १६ हा त्याचा सर्वात बोलका दाखला. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट, सुमारे ७२० किलोमीटर, मधे जंगल आणि विखुरलेल्या वस्त्या. गाडी परवडत नाही, सोयीची बस नाही, म्हणून मुली रस्त्याकडेला अंगठा दाखवून लिफ्ट मागत. त्यातल्या कित्येक परतल्या नाहीत. १९९८ मध्ये टेरेस गावात बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या बायांसाठी केलेल्या एका जागरणात या रस्त्याला ‘अश्रूंचा महामार्ग’ हे नाव पडले. २००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला परिषद भरली, ३३ शिफारशी निघाल्या, त्यांतली एक अगदी साधी होती: बस सुरू करा. वस्त्यांना जोडणारी सार्वजनिक बस आली २०१७ मध्ये. अकरा वर्षे, एका बससाठी!

ग्लॅडिस राडेक यांची भाची याच रस्त्यावर हरवली. त्या आणि बर्नी विल्यम्स २००८ मध्ये व्हँकूव्हरहून ओटावापर्यंत चालत निघाल्या. वाटेत गावोगाव लोक येऊन आपापल्या घरातल्या बेपत्ता बायांची नावे देत गेले.

मोजदादीचे शिस्तीतले काम केले ते कॅनडाच्या आदिवासी महिला संघटनेने. ‘सिस्टर्स इन स्पिरिट’ या उपक्रमात २००५ पासून पाच वर्षे वर्तमानपत्रे, न्यायालयाचे कागद आणि घरच्यांच्या तोंडून त्यांनी ५८२ बाया आणि मुलींची नोंद केली. २०१० मध्ये सरकारने पैसा दुसरीकडे, मुख्यतः पोलीस यंत्रणेकडे वळवला आणि मोजणी थांबली. मग क्यूबेकमधल्या किटिगन झिबी या आदिवासी वस्तीच्या ब्रिजेट टोली यांच्यासारख्यांनी सरकारचा पैसा न घेणारी वेगळी वाट धरली. त्यांच्या आईचा २००१ मध्ये पोलिसांच्याच गाडीखाली मृत्यू झाला होता, तेव्हा पोलिसांनी केलेली मोजणी त्यांना का पुरत नसावी, हे सांगायला नको. टोरंटोतल्या ‘नो मोअर सायलेन्स’ गटासोबत त्यांनी समाजाच्या ताब्यातली नोंदवही उभारायला घेतली. दरम्यान ओटावातल्या एका संशोधक बाईंनी पीएचडीसाठी एकटीने ८२४ नावे गोळा केली. तेव्हा कुठे २०१४ मध्ये राष्ट्रीय पोलिसांनी, म्हणजे आरसीएमपीने, देशभरच्या पोलिसांच्या दप्तरांतून आकडा काढला: १९८० ते २०१२ मध्ये १,०१७ खून, शिवाय १६४ बेपत्ता. देशातल्या बायांमध्ये आदिवासी सुमारे ४ टक्के, खून झालेल्यांत १६ टक्के.

त्या अहवालात फक्त बाया होत्या. ‘टू-स्पिरिट’, म्हणजे स्त्री-पुरुष या चौकटीत न बसणारी आदिवासी माणसे, नव्हती. हा शब्द १९९० मध्ये विनिपेग शहराजवळच्या मेळाव्यात स्वीकारला गेला, अनिशिनाबे भाषेतल्या ‘नीझ मनिडोवग’वरून, अर्थ दोन आत्मे. त्याला मराठीत ‘तृतीयपंथी’ म्हणून मोकळे होणे चुकीचे ठरेल. ही ओळख लिंगभावाइतकीच आपल्या समाजातल्या स्थानाची, विधींतल्या भूमिकेची आहे, आणि मिशनऱ्यांनी व निवासी शाळांनी नेमके तेच स्थान मोडून काढले. पोलिसांच्या रकान्यात स्त्री किंवा पुरुष एवढेच असेल, तर मेल्यावरही अशा माणसाची नोंद भलत्याच नावाने होते. त्यामुळे ‘आमचीही गणती करा’ ही मागणी चळवळीच्या आतूनच, आपल्याच बायांपुढे मांडावी लागली.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये विनिपेगच्या रेड रिव्हरमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. पाणबुडे त्या दिवशी दुसऱ्याच एका माणसाला शोधत होते. त्यानंतर बर्नडेट स्मिथ आणि इतरांनी होड्या काढल्या, साखळ्यांना लोखंडी हूक बांधले आणि नदीचा तळ स्वतः चाळायला घेतला. स्मिथ यांची बहीण २००८ पासून बेपत्ता होती. पंतप्रधान हार्पर मात्र हा गुन्ह्यांचा विषय आहे, सामाजिक नव्हे, असे म्हणत चौकशी टाळत राहिले. सत्ता बदलल्यावर राष्ट्रीय चौकशी झाली. तीही सुखासुखी नाही: एका आयुक्तांनी मधेच राजीनामा दिला आणि काही कुटुंबांनी सगळे नव्याने सुरू करा म्हणून पत्रे लिहिली. ३ जून २०१९ च्या अंतिम अहवालात २३१ मागण्या आहेत, टू-स्पिरिट माणसांचा उल्लेख ठायी ठायी आहे आणि ‘वंशसंहार’ हा शब्दही आहे. वर्तमानपत्रांनी वाद घातला तो बहुतेक त्या एका शब्दावर.

या बायांच्या आठवणीत ५ मेला झाडांना लाल झगे टांगायची पद्धत मेटी या आदिवासी समाजातल्या कलाकार जेमी ब्लॅक यांच्या कलाकृतीतून आली. रिकामा झगा वाऱ्यावर हलतो, आत कुणी नसते.

२०२२ मध्ये विनिपेगमध्ये एकाच माणसाने चार आदिवासी बायांना मारले. दोघींचे अवशेष प्रेअरी ग्रीन कचराडेपोत असल्याचा अंदाज असूनही पोलिसांनी शोध घ्यायला नकार दिला. त्यांच्या मुलींनी, नातलगांनी तंबू ठोकले, रस्ता अडवला. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने ‘शोधाविरुद्ध ठाम राहा’ अशा जाहिराती केल्या आणि तो हरला. नव्या सरकारात नदी चाळणाऱ्या बर्नडेट स्मिथ मंत्री झाल्या. २०२४ च्या अखेरीस खोदकाम सुरू झाले आणि मार्च २०२५ पर्यंत दोघींची ओळख पटली. चौथीचे नावच कुणाला ठाऊक नव्हते. तोवर समाजातल्या जाणत्यांनी तिला ‘मश्कोडे बिझिकि-इक्वे’, बायसन-स्त्री, असे नाव देऊन ठेवले होते. तिचे खरे नाव कळले तेही त्याच मार्चमध्ये. ती अजून शहराच्या दुसऱ्या कचराडेपोत असावी असे कळल्यावर तिच्या घरच्यांनी तिथेही खणा म्हणून मागणी केली.