आम्ही येण्याआधी गवत कापून ठेवू नका

(रान माजलेलं अंगण कमी देखभालीचं करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पाऊस सरला की फोन येतात, "मागचं अंगण पार रान झालंय, या एकदा." पाहणीला जावं तर आदल्याच दिवशी माणूस लावून सगळं ग्रास कटरने सपाट केलेलं असतं. हेतू चांगला, पण काम तिथेच दोन-तीन आठवडे मागे जातं.

कारण लव्हाळा, म्हणजे जमिनीखाली गाठी धरणारं तण. गाजरगवत ओल्या मातीतून मुळासकट येतं, घाणेरी कुदळीने निघते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात, बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांत. वर पात उभी असली तरच खाली गाठ कुठे आहे ते कळतं. पात कापली तरी गाठीला काही होत नाही, ती पुन्हा फुटते. माती उलटणारा रोटाव्हेटर तर नकोच. त्याने माळ तुटते आणि सुटी झालेली गाठ स्वतंत्र कोंब धरते. सापाची भीती वाटत असेल तर दारापासून नळापर्यंत वाट मोकळी करा, बाकी तसंच राहू द्या. आम्ही येण्याच्या दोन दिवस आधी भरपूर पाणी सोडा. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, गाठ निघते, सुकलेल्या काळ्या मातीत पात तुटून हातात येते.

तण काढल्यावर आम्ही अंगणात खडी अंथरतो. तेव्हा ग्राहक विचारतात, "खोदलंत, मग खडी टाकायला इतके दिवस का?" पहिल्या खोदाईत सगळ्या गाठी कधीच निघत नाहीत. म्हणून पाणी देऊन तीनेक आठवडे थांबतो, उरलेलं उगवू देतो आणि पुन्हा काढतो. दोन दिवसांत काम उरकणारे भेटतील, दरही कमी असेल. पण ते अंथरतात तो साधा काळा प्लास्टिक कागद लव्हाळ्याचा कोंब सहज भोसकतो, शिवाय त्यावर पाणी साचतं. आम्ही विणलेली मॅट वापरतो. तिच्यातून पाणी झिरपतं आणि खडी काळ्या मातीत रुतत नाही.

खडीचा थर दोन इंच. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, त्यात 600 चौरस फूट होतं, त्यामुळे अंदाज घरीच काढता येईल. उतार घरापासून बाहेर, दर 10 फुटांना सव्वा इंच. आंबा किंवा बदामाखाली खडी मागू नका, पानं वेचून कंटाळाल. तिथे मुरमावर शहाबादी फरशी बरी, झाडूने झालं. झाडच नको असेल तर आधी महापालिकेची परवानगी लागते, झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरीही.

लॉन आणि कमी देखभाल एकत्र होत नाही, हे आधीच सांगतो. बोगनवेल, तगर, चाफा, कोरफड एवढ्यावर अंगण छान दिसतं. कण्हेरही तग धरते, पण ती विषारी असल्याने लहान मुलं असलेल्या घरी आम्ही लावत नाही.

पाहणीची फी घेतो, काम दिलंत तर ती बिलातून वजा होते. पहिल्या पावसाळ्यातली एक साफसफाईची फेरी दरातच धरलेली आहे. त्या वेळी कडेने लव्हाळा दिसला तर उपटू नका, आम्हाला दाखवा.