डक्टची सफाई: उबेच्या नळांपासून गोव्याच्या माळ्यापर्यंत

पर्वरीतल्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतला, ताळगावातला किंवा फोंड्याच्या कुर्टीतला तीस-चाळीस वर्षांचा एखादा बंगला घ्या. वर स्लॅब, गळती थांबवायला नंतर कधीतरी घातलेलं पत्र्याचं छप्पर, खोलीखोलीत पंखा आणि दोन-तीन खोल्यांत भिंतीवर स्प्लिट एसी. एका जागी गार केलेली हवा घरभर वाहून नेणारा डक्ट या घरात कुठेच नाही. तरीही 'घराची डक्ट क्लीनिंग करून घ्यावी का?' असं तिथले लोक विचारतात, कारण घरातल्या हवेबद्दल इंटरनेटवर काहीही वाचायला घेतलं की हाच सल्ला समोर येतो. सल्ला अगदीच निराधार नाही. पण ज्या घरासाठी तो तयार झाला ते घर थंड प्रदेशातलं, तळघराचं, हिवाळाभर बंद राहणारं. तिथून इथवर तो कसा आला, हे पाहिल्यावर गोव्यात कुणी कशाला पैसे मोजावेत हे बरंच स्पष्ट होतं.

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या घरांत डक्ट आले ते गारव्यासाठी नव्हे, उबेसाठी. तळघरात कोळशाची भट्टी, तिच्यातून वर निघालेले पत्र्याचे नळ, आणि खोल्यांच्या जमिनीत किंवा भिंतीत जाळ्या. आयोवा राज्यातल्या मार्शलटाउनमध्ये डेव्ह लेनॉक्सने १८९५ मध्ये रिव्हेट मारलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी विकायला काढली. त्याआधीच्या ओतीव लोखंडाच्या भट्ट्या तापून तापून वाकत, सांधे सुटत, आणि धूर थेट खोल्यांत शिरे. या भट्ट्यांना पंखा नव्हता. गरम हवा हलकी म्हणून वर जायची, गार होऊन खाली परतायची, एवढ्यावर सगळा कारभार. त्यामुळे नळ भलेमोठे, आणि पुष्कळदा ॲस्बेस्टॉसमध्ये गुंडाळलेले. १९१९ मध्ये ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय महिलेने वायूवर चालणाऱ्या आणि वेगवेगळ्या खोल्यांना स्वतंत्र ऊब पुरवणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. पुढे विजेचा पंखा भट्टीला जोडला गेला तसे नळ बारीक झाले आणि घरभर पसरले.

कोळसा जाळला की काजळी आलीच. भट्टी आणि नळ साफ करून देणं हा तेव्हा गरजेचाच उद्योग होता, आणि याच दारावरच्या तपासणी-सफाईच्या आडून फसवणुकीचं एक मोठं प्रकरणही घडलं. मिशिगनमधली हॉलंड फर्नेस कंपनी १९०६ मध्ये सुरू झालेली, देशभर विक्रेते नेमलेली. यातले काही जण निरीक्षक म्हणून दारात येत, तपासायच्या नावाखाली भट्टी सुटी करून टाकत आणि मग सांगत, 'ही पुन्हा जोडणं धोक्याचं आहे, घरात विषारी वायू पसरेल.' गारठ्यात बसलेला मालक नवी भट्टी घेणार नाही तर काय करणार? व्यापारातल्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने १९५८ मध्ये हे प्रकार थांबवण्याचा आदेश काढला. तो न पाळल्याबद्दल कंपनीचे माजी अध्यक्ष चेफ यांना न्यायालयाच्या अवमानाखाली सहा महिन्यांची कैद झाली, आणि १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मला हा भाग फार बोलका वाटतो. मालकाला स्वतःच्या घरात डोकावता येत नाही अशा जागेबद्दल दारात आलेल्या परक्यावर विश्वास ठेवावा लागतो, यात आजही काही बदललेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली. सगळ्याच नव्या घरांत डक्ट होते असं मात्र नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनच्या पहिल्या घरांत फरशीखालून गरम पाण्याचे नळ फिरवले होते. पण इतरत्र तेल किंवा वायूची भट्टी, तिला जोडलेला पंखा आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून गार हवा, ही रचना रूढ झाली. कोळसा गेला, काजळी गेली. म्हणजे सफाईचं मूळ कारण उरलं नाही.

नवं कारण पुरवलं १९७३च्या तेलटंचाईने. ऊर्जा वाचवायची म्हणून घरं आणि कार्यालयं हवाबंद होऊ लागली. मोठ्या इमारतींत माणसामागे दर मिनिटाला १५ घनफूट बाहेरची हवा घेण्याचा प्रघात होता, तो ५ वर आला; पुन्हा १५ व्हायला १९८९ उजाडलं. या दरम्यान १९७६च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं, आणि त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने २२१ जण आजारी पडले, ३४ दगावले. पुढच्या जानेवारीत जंतू सापडला, लिजिओनेला. संशय गेला एसीच्या कूलिंग टॉवरकडे, म्हणजे साठलेल्या कोमट पाण्याकडे. डक्टमधल्या धुळीचा याच्याशी संबंध नव्हता. तरीही लोकांच्या मनात बसलं ते एवढंच की एसीच्या हवेतून मरण येऊ शकतं. त्यातच नव्या आणि नूतनीकरण केलेल्या ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत हवेबद्दल तक्रारी असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने १९८४ मध्ये म्हटलं. १९८९ मध्ये डक्ट साफ करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, नॅड्का, उभी राहिली. पुढे तिने कामाचे मानदंड आखले, परीक्षा सुरू केल्या.

सरकारी उत्तर ऑक्टोबर १९९७ मध्ये आलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, घरमालकांसाठी पुस्तिका काढली आणि तिची भाषा सफाईवाल्यांना न आवडणारी होती. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते, खोलीत येत नाही. दर अमुक वर्षांनी सफाई करण्याची गरज नाही. करावी ती तीन प्रसंगी: आत डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी असेल, उंदीर-किड्यांनी घर केलं असेल, किंवा धूळ-कचऱ्याने डक्ट इतका भरला असेल की जाळीतून कण बाहेर पडताहेत. संपूर्ण घराच्या कामाला तेव्हा ४५० ते १,००० डॉलर लागतील असा अंदाज त्यात होता, म्हणून पन्नास डॉलरात सगळं घर साफ करून देणाऱ्या जाहिरातींपासून लोक सावध झाले. निदान व्हायला हवे होते.

आता गोव्याकडे येऊ. इथेही हवेची भीती जुनीच आहे. जुनं गोवें साथींनी ओस पडलं तेव्हा दोष दिला गेला तो तिथल्या कुंद, कुजक्या हवेला. राजधानी मांडवीच्या मुखाकडे सरकत सरकत १८४३ मध्ये अधिकृतपणे पणजीला आली. रोग पाण्यातून आणि डासांतून आले असावेत, हे समजायला आणखी बराच काळ जायचा होता.

जुन्या गोमंतकीय घराने हवा यंत्राविना हलवली. हिंदू घरात मध्ये राजांगण म्हणजे उघडा चौक, त्याभोवती सोपे. ख्रिस्ती घरात बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा सज्जा, आणि समोरासमोर मोठ्या खिडक्या, काही ठिकाणी शिंपल्यांच्या तावदानांच्या. चिऱ्याच्या जाड भिंती, उंच छप्पर, आणि त्यावर आधी गावठी नळे (अर्धगोल कौलं), नंतर मंगळुरी कौलं. बाझेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर ही कौलं कोकण किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, खाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, असली तर तिच्या कडेच्या जाळीदार पट्टीतून. अर्थात याची किंमतही होती. दर उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारणी, फुटकी कौलं बदलणं, माळ्यावरचा पालापाचोळा, वटवाघळांची लेंडी काढणं. गोव्यात घराच्या वरच्या अंगाची हवा साफ करण्याचा धंदा शोधायचाच तर तो कौलं परतणाऱ्या गड्यांचा होता, आणि गावोगावी ते मिळत.

मुक्तीनंतर, त्यातही हाउसिंग बोर्डाचा कायदा १९६८ मध्ये झाल्यावर, नोकरदारांची वस्ती शहरांच्या कडेला सरकली आणि कौलाची जागा स्लॅबने घेतली. उष्णता वर निघून जाण्याची वाट बंद झाली, म्हणून छताचा पंखा अटळ झाला. पुढे खिडकीचा एसी आला, त्याच्या मागोमाग स्प्लिट. यातल्या कशालाही डक्ट लागत नाही. अशा घरात साफ करायचं ते एवढंच: एसीची जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवायची, आणि पावसाळ्याआधी हवा गार करणारी कॉइल, ती हवा ढकलणारा पंखा म्हणजे ब्लोअर, आणि पाणी साठणारा ट्रे मेकॅनिककडून जेट पंपाने धुऊन घ्यायचा. ब्लोअरच्या पात्यांवरची काळी चिकट पुटं पाहिली की कुणालाही डक्टची आठवण होईल, पण तो ब्लोअर आहे.

मोठे डक्ट गोव्यात प्रामुख्याने हॉटेलांबरोबर आले. सिकेरीच्या किल्ल्याजवळ ताजचं फोर्ट आग्वाद १९७४ मध्ये सुरू झालं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख याच परिसरात विश्रांतीसाठी उतरले. २००४ मध्ये चित्रपट महोत्सव कायमचा गोव्यात आला आणि पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाशेजारी मल्टिप्लेक्स उभं राहिलं. सभागृहं, शस्त्रक्रियागृहं, मॉल यांना डक्टवाचून गत्यंतर नाही, आणि तिथली नियमित सफाई ही चैन नव्हे. हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढणारा डक्ट तर वेगळंच प्रकरण. त्यात तेलाचा थर साचतो आणि शेगडीवर भडका उडाला की आग थेट त्या नळातून छपरापर्यंत जाऊ शकते. सफाई करणाऱ्याकडे एकच दिवस असेल तर तो इथे घालवावा असं माझं मत आहे.

राहत्या घरांत डक्ट शिरला तो अलीकडे, आणि दोन वाटांनी. एक, आसगाव-शिवोलीकडचे नवे व्हिला. दुसरी वाट अधिक अवघड: दुरुस्त केलेली जुनी घरं. भिंतीवर स्प्लिटचा पांढरा खोका शोभत नाही, म्हणून डक्ट जोडायचं एसी यंत्र माळ्यावर लपवतात आणि तक्तपोशीत बारीक ग्रील ठेवतात. खोली गार राहावी म्हणून तक्तपोशीच्या फटी, कडेची जाळीदार पट्टी सगळं बुजवलं जातं. मग ज्या माळ्यातून हवा वाहत होती तो माळा कोंडतो, आणि त्यातून १२ ते १४ अंशांची हवा वाहणारा जस्ताचा मुलामा दिलेल्या (जी.आय.) पत्र्याचा डक्ट जातो.

पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जुलैमध्ये २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली तर जो पृष्ठभाग साधारण २६ अंशांहून गार असेल त्यावर दव जमतं. डक्टवरचं आवरण एका सांध्यापाशी जरी उघडं राहिलं तरी तिथून पाणी ठिबकू लागतं. आवरणातलं ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचा कापूस, भिजतं, लाकडाला डाग पडतात, मागोमाग बुरशी आणि वाळवी. कौलांच्या फटीतून उंदीर आणि कांडेचोर आत येतात ते वेगळंच. मऊ आवरण कुरतडून त्यांना आयतं घरटं मिळतं. शिवाय यातली पुष्कळ घरं वर्षभर बंद असतात. मुंबईचे मालक भाद्रपदात चवथीला दार उघडतात, एसी लावतात, आणि कुबट वासाचा झोत अंगावर येतो. ईपीएच्या पुस्तिकेतले पहिले दोन प्रसंग, बुरशी आणि उंदीर, इथे दोन्ही हजर असू शकतात. फक्त कारण धूळ नसून ओल आहे. ओलीचा उगम तसाच ठेवून ब्रश फिरवला तर पुढच्या चवथीला तोच वास.

गोव्यात धूळ नाही असं नव्हे. वास्कोत मुरगाव बंदरातल्या कोळशाची काळी भुकटी खिडक्यांवर, कपड्यांवर बसते ही तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. २०१२ मध्ये खाणी थांबेपर्यंत उसगाव-सावर्डे पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांनी झाडंसुद्धा तांबडी केली होती. पण ही धूळ बाहेरून येते, आणि तिचा निकाल बंदरावर, रस्त्यावर लागायचा असतो. वास्कोतल्या फ्लॅटवाल्याला डक्ट सफाई विकणं म्हणजे त्याच्या रास्त तक्रारीचं बिल त्यालाच देणं.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, एसीची भीती पुन्हा उसळली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने त्या एप्रिलमध्ये सूचना काढल्या: तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के. बाहेरची हवा आत घेण्यावर तज्ज्ञांचा भर होता. बाजारात मात्र औषध फवारून 'निर्जंतुक डक्ट' देणाऱ्या सेवा जास्त दिसल्या.

नीट केलेलं काम कसं असतं, हे या सगळ्यावरून सांगता येतं. माणूस आधी कॅमेरा आत घालून फोटो दाखवतो, भाव त्यानंतर. डक्टला एका टोकाला मोठा व्हॅक्यूम लावून आतला दाब कमी ठेवतात, म्हणजे सुटलेली घाण खोलीत न येता तिकडे ओढली जाते. दुसऱ्या बाजूने फिरता ब्रश किंवा दाबाच्या हवेचा फटका. व्हॅक्यूमची हवा घरातच सोडणार असतील तर तिला अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टर हवा. पाहणीसाठी पत्र्यात भोकं पाडली तर ती झाकण बसवून हवाबंद करावी लागतात, नाहीतर तिथेच पहिलं दव जमेल. कॉइल, ट्रे आणि पाण्याच्या नळीचा उतार या कामात धरलेला नसेल तर अर्धंच काम होतंय. आणि आतून लावलेलं ग्लासवूल एकदा भिजून बुरसटलं की ते कुठल्याही ब्रशने, कुठल्याही औषधाने साफ होत नाही. तेवढा तुकडा कापून काढावा लागतो, नवं आवरण घालावं लागतं, आणि हा खर्च सफाईच्या दरपत्रकात बहुधा नसतो. तो आधी विचारून घ्यावा.