माहिती आयोगाकडे दुसरे अपील की तक्रार?

माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार माहिती आयोगाचे दार दोन मार्गांनी ठोठावता येते: कलम 19(3) खालील दुसरे अपील आणि कलम 18 खालील तक्रार. खानापूर किंवा निपाणीकडचा अर्जदार ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या बिलांची नक्कल मिळेना म्हणून वैतागतो आणि थेट ‘तक्रार’ करून मोकळा होतो. त्याला हवी असते ती नक्कल, आणि नेमकी तीच या मार्गाने मिळत नाही.

गोंधळाचे मूळ कायद्यातच आहे, कारण 30 दिवसांत उत्तर न येणे किंवा अपुरी माहिती मिळणे ही कारणे दोन्हीकडे चालतात. मात्र मणिपूर राज्याशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 2011 रोजी स्पष्ट केले की, तक्रारीवर आयोग जनमाहिती अधिकाऱ्याची (कचेरीत माहिती देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याची) चौकशी करून त्याला दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तो आदेश अपिलातच मिळतो.

अपिलाची वाट लांब आहे. आधी 30 दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे लागते, ते 30 किंवा फार तर 45 दिवसांत निकाली निघणे अपेक्षित असते, आणि त्यानंतर 90 दिवसांत आयोगाकडे जाता येते. तिथे माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून अधिकाऱ्यावर असते. शिवाय नुकसानभरपाई आणि दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड हे दोन्ही अपिलात शक्य असल्याने, केवळ दंडासाठी तक्रारीकडे वळण्यात फारसा अर्थ नाही. दंडाची रक्कम तशीही अर्जदाराच्या हाती पडत नाही.

तक्रार शोभते ती अर्जच स्वीकारला नाही, अधिकारी नेमलेलाच नाही किंवा अवाजवी शुल्क मागितले अशा वेळी. तिला पहिल्या अपिलाची अट नाही आणि कायद्यात मुदतही नाही. परंतु ती सुनावणीच्या रांगेत पडून असताना अपिलाचे 90 दिवस उलटून जातात, आणि पुरेसे कारण दाखवल्याशिवाय तो विलंब माफ होत नाही. दोन्ही हवे असेल, तर दोन स्वतंत्र अर्ज करावेत.

सीमाभागात आयोग कोणता, हेही पाहावे लागते. बेळगाव महापालिका, तहसीलदार कचेरी किंवा ग्रामपंचायत यांच्यासाठी कर्नाटक माहिती आयोग आहे, ज्याचे पीठ बेळगावातही बसते. कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे आणि टपाल खाते यांच्यासाठी दिल्लीचा केंद्रीय आयोग. आणि वडिलोपार्जित जमीन चंदगड तालुक्यात असेल, तर तिथल्या कचेरीसाठी महाराष्ट्राचा. मूळ अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा असे कलम 6 सांगते. बेळगावात मराठी अर्जावरून होणारा वाद न्याय्य असला, तरी कागद लवकर हवा असणाऱ्याने पहिला अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्यावा, हे बरे. आयोगाचा आदेश मान्य नसेल, तर पुढे अपील नाही. कर्नाटक आयोगाच्या बाबतीत उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करावी लागते.