एमपीएचला एमबीबीएसच लागतं?

लातूर-नांदेडकडे वर्षानुवर्षं एक समज पसरलाय: परदेशात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं तर एमबीबीएसच हवं. हे खरं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस, संख्याशास्त्र, अगदी समाजकार्याचीही पदवी चालते. तीन वर्षांची पदवी मात्र काही ठिकाणी अडते, आधी विचारा. आणि एमपीएच झाल्यावर तिथे डॉक्टरकी करता येत नाही, तो परवाना वेगळा.

रँकिंगच्या आधी सीईपीएचची (सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था) मान्यता बघा. पोरांनो, बापाची जमीन गहाण पडण्याआधी हेही तपासा: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र या शाखा स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांची अमेरिकी सरकारची यादी) आहेत. तिथे शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळू शकतात. सर्वसाधारण एमपीएचला बहुधा १२च. अर्ज करतानाच विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (अभ्यासक्रम कोणत्या शाखेत मोडतो ते सांगणारा क्रमांक; स्टेम यादीत आहे की नाही ते यावरूनच कळतं) लेखी मागवून घ्या.