क्षणभंगुरातला क्षण केवढा?

तात्पुरता, हंगामी आणि क्षणभंगुर हे तिन्ही शब्द आपण फार काळ न टिकणाऱ्या गोष्टींसाठी वापरतो, पण त्यांची अदलाबदल केली की वाक्य लगेच खटकते. लग्नाचा मांडव तात्पुरता असतो, कारण कार्य आटोपले की मांडववाला तो सोडून नेतो. आंब्याचा धंदा हंगामी असतो, कारण तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उभा राहतो. क्षणभंगुर वस्तू मात्र कोणी मोडावी लागत नाही आणि ती परतूनही येत नाही.

हा फरक शब्दाच्या घडणीतच आहे. मोडणे या अर्थाच्या ‘भञ्ज्’ धातूला ‘घुरच्’ हा प्रत्यय लागून ‘भंगुर’ शब्द होतो, आणि ‘भञ्जभासमिदो घुरच्’ या सूत्रात पाणिनीने सांगितलेला हा प्रत्यय स्वभाव दाखवतो: तळपणे हा ज्याचा स्वभाव ते भासुर, तसे मोडणे हा ज्याचा स्वभाव ते भंगुर. (उद्घाटनानंतर महिन्याभरात खचणाऱ्या रस्त्याला म्हणूनच तात्पुरता म्हणू नये, तो भंगुर.)

स्वभावाने मोडणे म्हणजे काय, हे ताटलीत साबणाचे पाणी घेऊन नळीने एक अर्धगोल बुडबुडा फुगवला आणि तो खिडकीच्या उजेडात न हलवता ठेवला, तर डोळ्यांनी पाहता येते. त्याच्या पडद्याच्या बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग उमटतात, आणि पडद्यातले पाणी सतत खाली ओघळत असल्यामुळे शेंड्याकडचा भाग पातळ होत जाऊन हे रंगांचे पट्टे हळूहळू काठाकडे सरकतात. शेवटी शेंड्यावर एक काळसर ठिपका दिसू लागतो. तेथे भोक पडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पडदा शाबूत असतो, पण त्याची जाडी काही नॅनोमीटर ते फार तर काही दशक नॅनोमीटर एवढीच उरल्याने दोन्ही परावर्तित किरण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. त्यानंतर खरोखरच भोक पडले, की पृष्ठताण त्याची कड मागे खेचतो आणि सुमारे एक मायक्रोमीटर जाडीच्या पडद्यात ही कड सेकंदाला साधारण 7 मीटर वेगाने पळते. बुडबुडा 10 सेंटिमीटर रुंद असेल, तर शेंड्यापासून काठापर्यंतचे जेमतेम 8 सेंटिमीटर अंतर कापायला तिला सेकंदाचा सुमारे नव्वदावा भाग पुरतो.

आता क्षणाकडे वळू. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातल्या कोष्टकात 18 निमेषांची एक काष्ठा, 30 काष्ठांची एक कला, 30 कलांचा एक क्षण, 12 क्षणांचा एक मुहूर्त आणि 30 मुहूर्तांचे एक अहोरात्र धरले आहे. म्हणजे हा क्षण चांगला 4 मिनिटांचा. बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या अभिधर्मकोश या ग्रंथात मात्र 120 क्षणांचा तत्क्षण, 60 तत्क्षणांचा लव, 30 लवांचा मुहूर्त आणि तसल्या 30 मुहूर्तांचे अहोरात्र असा हिशेब असल्याने एक क्षण सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा ठरतो. प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाश पावते, असे मांडणाऱ्या बौद्ध क्षणभंगवादाला एवढे बारीक माप सोयीचे होते. आपला बुडबुडा फुटायला लागणारा वेळ या मापाच्या इतका जवळ यावा, हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

अमरकोशातला चार मिनिटांचा क्षणही वाया जात नाही. मेफ्लाय या कीटकांच्या गणाला ‘एक दिवसाचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून एफेमेरॉप्टेरा म्हणतात, आणि त्यांच्यातल्या डोलानिया अमेरिकाना या अमेरिकी जातीची मादी पंख फुटल्यावर पाच मिनिटेही जगत नाही. तेवढ्यात तिला जोडीदार गाठून अंडी घालायची असतात. खायला वेळच नसतो. मात्र तिला क्षणभंगुर म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्याआधीचे कित्येक महिने तिने नदीच्या तळाशी, वाळूत पुरून घेऊन काढलेले असतात.