सिझेरियननंतरची त्वचा: टाके, स्टेपल आणि उशिरा सुरू झालेली मोजणी

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येतं ते पहिल्या काही मिनिटांत. उरलेला बहुतेक वेळ पोट बंद करण्यात जातो. आधी गर्भपिशवी, मग स्नायूंवरचा चिवट पांढरा पडदा आणि सगळ्यांत शेवटी त्वचा. घरी गेल्यावर आईला दिसतो, दुखतो आणि ओला झाला की धास्ती लावतो तो हाच शेवटचा थर. डॉक्टरांनी अभ्यासही याचाच सगळ्यांत उशिरा केला.

त्याला कारण होतं. एकोणिसाव्या शतकात सवाल आई जगेल का, एवढाच असे. गर्भपिशवी आपसूक आकसून मिटते अशा समजुतीने तिला सहसा टाकेच घालत नसत. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी बहुतेक बायका दगावत. इटलीत पाव्हिया इथे एदुआर्दो पोर्रो यांनी १८७६ मध्ये बाळ काढल्यावर गर्भपिशवीच काढून टाकली आणि बाई वाचली. १८८२ मध्ये लाइपझिगचे माक्स सेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भपिशवी नीट शिवण्याची पद्धत मांडली. आजचं सिझेरियन त्या शिवणीवर उभं आहे. त्वचेबद्दल बोलायला त्या काळी कुणाला सवड नव्हती.

तरीही त्वचेबद्दलची एक बारकाईची नोंद त्याच काळातली आहे. रॉबर्ट फेल्किन या ब्रिटिश प्रवाशाने १८७९ मध्ये आजच्या युगांडात एका स्थानिक वैद्याने केलेलं सिझेरियन पाहिलं. जखमेच्या दोन्ही कडा घासून गुळगुळीत केलेल्या सात बारीक लोखंडी सळ्यांनी जोडल्या होत्या, सळ्यांभोवती झाडाच्या सालीच्या कापडाची दोरी आवळली होती आणि वर मुळ्यांचा लेप होता. सळ्या एकदम न काढता तिसऱ्या दिवसापासून पुढे टप्प्याटप्प्याने काढल्या. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. युरोपातल्या डॉक्टरांना ही हकिकत नवलाची वाटली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते सळ्या काढण्याचं वेळापत्रक, कारण पुढे स्टेपलच्या, म्हणजे त्वचेच्या कडा जोडणाऱ्या धातूच्या पिनांच्या, वादात नेमका तोच मुद्दा आला.

१९०० मध्ये हेरमान फानेनश्टील यांनी ओटीपोटावर आडवा, किंचित वळणदार छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पोटावरच्या त्वचेचा ताण आडव्या रेषांत असतो, त्यामुळे त्या दिशेने घेतलेल्या छेदाच्या कडा उभ्या छेदाइतक्या एकमेकींपासून ओढल्या जात नाहीत. सिझेरियनमध्ये हा छेद रूढ झाला आणि त्वचेच्या आतून सलग टाका घेणं सोयीचं झालं. या टाक्याला डॉक्टर सबक्युटिक्युलर म्हणतात. सुई त्वचेच्या खालच्या थरातून डावी-उजवीकडे फिरत जाते आणि बाहेर शिडीसारख्या खुणा राहत नाहीत.

धागेही बदलत होते. मेंढ्यांच्या आतड्यांपासून केलेला कॅटगट शरीरात विरघळे, पण त्याचा भरवसा नसे आणि भोवतालच्या पेशी सुजत. रेशीम किंवा नायलॉन वापरलं तर टाके काढावे लागत. १९७०च्या दशकात पॉलिग्लायकॉलिक आम्ल आणि पॉलिग्लॅक्टिन यांचे कृत्रिम विरघळणारे धागे आले, १९९०च्या दशकात पोलिग्लेकाप्रोन हा एकपदरी गुळगुळीत धागा आला. एकपदरी धाग्यात जंतूंना दडायला फटी नसतात.

दरम्यान एकदाच वापरायचे त्वचेचे स्टेपलर शस्त्रक्रियागृहात रुळले. दोन्ही कडा चिमट्याने वर उचलायच्या, यंत्र टेकवायचं, दाबायचं. संपूर्ण छेद मिनिटाभरात बंद होतो. रात्रपाळीत एकामागून एक सिझेरियन चालू असताना हा वेग कुणालाही हवासा वाटेल. जेरुसलेमच्या मिसगाव लदाख रुग्णालयात मायकेल स्टार्क यांनी बसवलेल्या पद्धतीत तर त्वचेला दूरदूरचे दोन-तीनच टाके घेत आणि मधल्या कडा काही मिनिटं चिमट्यांनी धरून ठेवत.

या निवडी बराच काळ सवयीने होत राहिल्या. जिथे शिकलो तिथे जे चालायचं तेच पुढे. शिवाय सिझेरियनच्या जखमेतली बरीचशी गुंतागुंत बाई घरी गेल्यावर दिसते. टाके पिकणं, पाणी सुटणं, कड उघडणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या नजरेआड घडतं. स्टेपलने वाचलेली मिनिटं त्याला समोर दिसतात. उघडलेली जखम दिसते ती आईला, आणि तान्हं मूल मांडीवर घेऊन ड्रेसिंगसाठी खेपा तिलाच घालाव्या लागतात. या प्रश्नाला इतका उशीर झाला तो मुख्यतः यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

कोणत्या बाईला टाके आणि कोणत्या बाईला स्टेपल हे चिठ्ठ्या टाकून ठरवून केलेल्या तुलना १९९०च्या दशकात होऊ लागल्या. सुरुवातीच्या चाचण्या लहान होत्या आणि दुखणं किंवा व्रणाचं रूप यांवरच त्यांचा भर होता. अनेक चाचण्यांच्या २०११च्या एका एकत्रित विश्लेषणात स्टेपल लावलेल्यांमध्ये जखम उघडण्याचं किंवा पिकण्याचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं, मात्र टाक्यांना सरासरी सात मिनिटं जास्त लागत होती. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२च्या आढाव्याने वेगळी बाजू दाखवली: संसर्गात फारसा फरक नव्हता, पण स्टेपल तिसऱ्या दिवशीच काढले तर त्वचा उघडण्याचा धोका वाढत होता. म्हणजे दोष स्टेपलचा की ते काढण्याच्या घाईचा, ही शंका उरली.

अमेरिकेत ७४६ बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. जखमेची गुंतागुंत टाक्यांच्या गटात ४.९ टक्के, स्टेपलच्या गटात १०.६ टक्के. नुसतं त्वचा उघडणं पाहिलं तर १.६ विरुद्ध ७.४ टक्के. फरकाचा मोठा वाटा तिथेच होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१च्या मार्गदर्शनात वरवरची जखम उघडू नये म्हणून स्टेपलऐवजी टाक्यांचा विचार करावा असं सांगितलं.

व्रण कसा दिसतो, हा बायका हमखास विचारतात तो प्रश्न. इटलीतल्या २०१०च्या चाचणीत स्टेपल आणि तीन प्रकारचे धागे समोरासमोर ठेवले, तेव्हा सहा महिन्यांनी व्रणांत सांगण्याजोगा फरक राहिला नव्हता. दिसण्यासाठी अमुकच पद्धत हवी, असा आग्रह धरायला त्यामुळे फारसा आधार नाही.

पुढे कोणता धागा, यावर लक्ष गेलं. २०१७च्या एका चाचणीत पोलिग्लेकाप्रोनच्या गटात गुंतागुंत ८.८ टक्के, तर पॉलिग्लॅक्टिनच्या गटात १४.४ टक्के होती. त्वचेचा गोंद, म्हणजे सायनोअॅक्रिलेट, हाही पर्याय तपासला गेला. लहान चाचण्यांत तो टाक्यांच्या तोडीस तोड ठरला, पण या चाचण्या स्टेपलवरच्या मोठ्या चाचण्यांच्या आसपासही जात नाहीत.

लठ्ठ बायकांमध्ये जखमेचा धोका मुळातच जास्त असतो, आणि तिथे टाक्यांची सरशी सगळ्या चाचण्यांत तितकी स्पष्ट दिसलेली नाही. त्वचेखालची चरबी दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तो थर आधी स्वतंत्रपणे शिवल्याने जखम उघडण्याचं प्रमाण घटतं, हे मात्र २००४च्या एकत्रित विश्लेषणापासून माहीत आहे. वर धागा असो की स्टेपल, हा टाका आधी घ्यायचा असतो.